पाण्याची पाळी

मिलेतसचं बंदर आता कापसाखाली आहे.
नदी गाळ आणत राहिली, समुद्र तीन कोस मागे सरला,
धक्क्याचे दगड बांधात बसले.

इथलाच कुणी म्हणाला होता,
सगळं मुळात पाणी.
चांदण्या बघत चालला, विहिरीत पडला;
दासी हसली म्हणे, पोट धरधरून.

नेव्झातची पाळी रात्री दोनला.
पंप धापा टाकतो. हा दारं धरतो,
वर बघतो, उद्या वारा फिरेल का,
आणि पाय घसरून
थेट पाटात.

बांधावर फेरिदे हसते.
हातातला टॉर्च हलतो,
उजेड कापसावर सांडत जातो.

"हस," तो चिखलातून म्हणतो,
"पण याच्याशिवाय आहे काय आपल्याजवळ?"
आणि भरली ओंजळ
तिच्या अंगावर.