भाग क्रमांक सात

सेंट-क्रुआत बर्फ. ओदिल जाकार
फोनोग्राफ पालथा घालते,
तेल लावताना तान्ह्याला घालावं तसा.

भोंगा? मुरादाबादचा. नवं पितळ फार बोलतं.
हँडल कुणा दुसऱ्याचं; आटे बसतात,
पण कुरकुरतात, सावत्रपणे.
अभ्रकाचा पडदा उजेडाला धरते. पिवळसर, खरा.
स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीज बोटावर घेऊन हुंगते,
नाक मुरडत नाही.

गिऱ्हाईक घड्याळ बघतं.
"अस्सल आहे का, तेवढं सांगा."

गव्हर्नरची तीन वजनं. दोन कारखान्यातली.
तिसरं ओबडधोबड, शिशाचं,
कडेला कानशीचा तिरपा ओरखडा
डावखुऱ्या हाताचा.

लढाईच्या वर्षी सुटे भाग मिळत नव्हते.
बाबा गळाची शिसं वितळवायचे
दुधाच्या पातेल्यात,
आई खिडक्या उघडत ओरडायची.

ती चावी देते. वजनं फिरतात,
तिसरं किंचित मागे,
लंगडत, पण वेग सांभाळून.

वहीत लिहिते: भाग क्रमांक सात, मूळ नाही.
झाकण लावलेलं पेन
पुन्हा उघडते, पुन्हा लावते.

"हे बदलून देते," म्हणते, "अस्सल बसवते. पैसे नकोत.
जुनं मात्र
इथेच राहू दे."