जहाजे: शून्य

हडपसरच्या पलीकडे, आमच्या वाडीत
पाणी येतं रात्री साडेअकराला. कधी साडेबाराला.
नळाकडे कान लावून बसायचं तर हाताला काहीतरी चाळा हवा,
म्हणून प्रज्योतनं जाताना जुना लॅपटॉप ठेवला.
"आत्या, आकाशगंगा चालव. वेळ जातो."

आधी विचारतात, तुम्ही कोण?
साम्राज्य, संघराज्य, यंत्रांची वसाहत,
आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात:
अजून उडायला न शिकलेले.
मी तळाचं घेतलं.
यादीत आपलं नाव खालून शोधायची सवय.

सहा बोटं दिली त्यांना. कान नाहीत,
पोटानं ऐकतात, जमिनीला टेकून.
रंग ओल्या खापरीचा.
नाव विचारलं तेव्हा नळ नुसता हवा सोडत होता, सूंऽऽ सूं,
मी लिहिलं, सुंसू.
ग्रहाला आमच्या विकलेल्या तुकड्याचं नाव दिलं,
चिंचेची पट्टी.

मग पडदा उघडला. एक ग्रह, बाकी काळोख.
कोपऱ्यात पाटी, जहाजे: शून्य.
कुठल्याही ताऱ्यावर टिचकी मारली की एकच उत्तर,
"आपल्याला याची माहिती नाही."
नव्हतीच.

पहिली चाळीस वर्षं काही घडलं नाही.
चाळीस वर्षं म्हणजे एक हंडा, दोन कळश्या.
मग त्यांनी चाक केलं. तांबं वितळवलं.
मग एका हिवाळ्यापासून
मेलेल्यांना उभं पुरायला लागले.
का, ते खेळात लिहिलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून मीच ठरवलं:
आडवं पुरलं तर पोटाला वरच्यांची पावलं ऐकू येत राहणार,
मेल्यावरही झोप नाही.

त्यांच्या तिनशेव्या की कितव्या वर्षी
आभाळात एक ठिपका दिसला. हलेना.
सुंसूंनी त्याच्यासाठी चौथरा बांधला, धान्य ठेवलं.
मी फोन केला.
प्रज्योत म्हणाला, "निरीक्षण केंद्र असतं ते.
वरचे लोक बघत असतात, मोजत असतात. काही करत नाहीत."

मोजणीचं मला नको सांगूस, बाळा.
एकवीस वर्षं मोजणीच्या कचेरीत
नकाशांच्या गुंडाळ्या काढून देतेय.
कुठल्या गावाच्या गुंडाळ्या अचानक मागायला लागतात
आणि मागाहून काय येतं,
ते मला धुळीच्या वासावरून सांगता येतं.
आमच्याकडेही आधी तिघंच आले होते,
एक छत्री, तिकाटणं, तिकाटण्यावर दुर्बीण.
दादांनी त्यांना ताक दिलं होतं.
वर मीठ कमी-जास्त विचारलं होतं.

आणि एका सकाळी उठलो तर आम्ही शहरात.
जागचे हललो नव्हतो.
शहर आलं होतं, रात्रीतून, कागदावर.
पहिली आली घरपट्टी.
मग कचऱ्याच्या गाड्या, रांगेनं.
पाणी अजून यायचंय, म्हणजे येतं, साडेअकराला.

काल सुंसूंचं अग्निबाण शोधायचं काम
शंभरातलं एक्क्याण्णव झालं होतं.
मी तर पहिल्या जहाजाचं नावही काढून ठेवलं होतं
(सांगणार नाही).
तेवढ्यात पडद्यावर चौकट:
"अभिनंदन. आपण आता आमच्या हद्दीत आहात."
खाली दोन बटणं.
आम्ही आभारी आहोत.
आम्हाला समजले नाही.

मी दुसरं दाबलं.
चौकट मिटली, पुन्हा तीच आली.
पुन्हा दाबलं.
नऊ वेळा दाबलं, मोजून,
माणूस अर्ज घेऊन परत परत खिडकीशी येतो तसं.
नवव्या वेळी लक्षात आलं,
चौकट उघडी असेपर्यंत घड्याळ चालत नाही.
ठिपका जागच्या जागी, चौथऱ्यावरचं धान्य तसंच,
एक्क्याण्णवचे एक्क्याण्णव.

तसंच ठेवलंय.
झाकण लावलं नाही, लावलं की ते झोपतं म्हणे.
चार्जरची वायर फरशीवरून नेली, वर पायपुसणं टाकलं.

बारा वाजून गेले.
दिवा बंद करून मी फरशीवर पालथी झाले,
पोट टेकून, सहज.
गार होती.
खूप खाली काहीतरी घरघरतंय.
टाकीचा पंप असेल.
जवळ येतंय की लांब जातंय, ते अजून कळत नाही.