चौकटीबाहेर गेलेले कण

सांगलीत, विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर
माझा एक बांध आहे
तळहाताएवढ्या रुंदीचा.
त्यात बारा हजार चारशे कण,
सगळे गोल.
माती गोल नसते, ठाऊक आहे मला.
पण गोलाला गोल एकाच ठिकाणी टेकतो
आणि हिशेबाला तेवढंच परवडतं.

संध्याकाळी सातला पाणी सोडते,
कुलूप लावून घरी जाते.
पंखे रात्रभर घोंघावतात.
सकाळी येऊन बघावं
तर मातीच्या आयुष्यातले दोन सेकंद सरलेले.

दोन सेकंदांत होतं काय?
ज्याच्या अंगावर कुणाचंच ओझं नाही
असा एखादा बारका कण आधी निघतो,
थोरल्यांच्या फटीफटींतून, अंग चोरून,
भरल्या लग्नघरातून
चपला हातात घेऊन निघावं तसा.
शेजारचा किंचित कलतो.
भार दुसऱ्या खांद्यांवर जातो.
पडद्यावर सगळं जागच्या जागी,
दशांशाच्या चौथ्या घरात
एक आकडा तेवढा हलतो.

माती जतच्या पुढची,
एका पाझर तलावाच्या भरावातली.
मायाप्पा खरातांनी खताच्या पिशवीत भरून दिली.
एकोणीस वर्षं राखण करतात तलावाची,
कागदावर अजून हंगामी.
पिशवीला गाठ मारताना म्हणाले,
“तुमच्या त्या डब्यात खेकडं हाईत का?”
नव्हते.
“मग बांध फुटंल कसा?”

त्यांच्या चौकीच्या फडताळात बाटल्या आहेत,
खोकल्याच्या औषधाच्या, सरबताच्या, काही देशीच्या,
लेबलं खरवडलेल्या.
दर अमावास्येला बांधाच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी
एकीत भरतात, बुचावर मेण ओततात,
तळाशी बसलेला गाळ बोटाच्या पेरानं मोजतात.
“निवळ झिरपलं तर बांधाला घाम आला म्हणायचं.
गढूळ आलं की त्यो बोलाय लागला.”
शेवटच्या तीन बाटल्या मी उन्हात धरल्या.
अर्धं पेर.
पाऊण.
पेराला वर थोडं.

परत येऊन खेकडा घातला प्रोग्राममध्ये,
म्हणजे नुसतं बीळ,
आडवं, किंचित उतरतं.
नांग्यांची सोय नाही आमच्याकडे.
त्या रात्री पाणी बिळाच्या तोंडाशी वळलं,
आणि कण एकामागून एक सुटत गेले.
सकाळी मोजले: अकरा हजार नव्वद.

बाकीचे?

शोधता शोधता ओळ सापडली,
माझीच, दोन वर्षांपूर्वीची:
चौकटीबाहेर गेलेला कण पुसून टाकावा.
मेमरी वाचते.

फोन लावला. रेंज तुटत होती.
म्हटलं, मायाप्पा, पाटबंधारेला पत्र लिहितेय,
रंगीत आकृत्या जोडतेय.
“जोडा की,” म्हणाले,
“पर एक बाटली बी न्या संगं.
सायबाम्होरं हलवून दावा.”

कीबोर्डशेजारी ती बाटली आहे आता.
चिकटपट्टीवर पेन्सिलीनं: भादव्याची आवस.
कुणी टेबलाला धक्का दिला की
पाणी चहासारखं होतं,
मग तासाभरानं पुन्हा आरपार.

ती ओळ मी खोडली.
बाहेर पडलेला कण खाली साचू दे, असं लिहिलं.
हिशेब मंदावलाय त्यानं.
रात्रभरात आता
दीडच सेकंद होतो.