टेकडीवर रेंज आहे

आमच्या कोक-बुलाकमध्ये रेंज येते फक्त कब्रस्तानात.
खाली गावात एक रेघ नाही,
वर मातीच्या घुमटांपाशी चारही.
पोरं म्हणतात, मेलेल्यांचा रिचार्ज कधी संपत नाही.

एकतीस वर्षं मी शिक्का मारला.
जन्मावर, लग्नावर, घोडा विकल्याच्या दाखल्यावर.
हिवाळ्यात शाईचं पॅड गोठायचं,
काखेत धरून बसायचो;
त्या सदऱ्याचा जांभळा डाग बायकोने शेवटपर्यंत घासला.

मग राजधानीतून एक मुलगी आली, टॅबलेट घेऊन.
तिचे शहरी बूट पहिल्याच शेणात रुतले.
म्हणाली, काका, आता कुणी कुणाच्या दारात ताटकळायचं नाही.
योजनेचं नाव सांगितलं: तुंडुक.
आम्ही हसलो.
तुंडुक म्हणजे आमच्या तंबूच्या माथ्यावरचं लाकडी वर्तुळ,
तिथून धूर जातो,
आणि झाकायला विसरलं तर पाऊस थेट चुलीत.
ती म्हणाली, उजेडही तिथूनच येतो ना?
खरं होतं. मी चहा पुढे केला.

आता दर मंगळवारी खोगिराच्या पिशवीत टॅबलेट घालून
मी टेकडी चढतो, मागे अर्धं गाव.
कुणाला मेंढ्यांच्या लसीचा कागद, कुणाला पासपोर्ट.
नूरजामालने घटस्फोटाचा अर्ज भरला
बापाच्या थडग्याला पाठ टेकून.
म्हणाली, ऐकू दे त्याला. स्थळ त्यानेच आणलं होतं.

असिलकान मात्र सहा मंगळवार येते आहे.
तेन्तिमिशच्या मृत्यूची नोंद करायची.
नोंद झाली की पेन्शन सुरू.
सगळं भरून तयार: नाव, बापाचं नाव,
ट्रकच्या लायसनचा नंबरसुद्धा.
शेवटी सहा आकडे येतात,
ते त्याच्या फोनवर.
फोन ती रोज चार्ज करते,
त्याच्या पांढऱ्या टोपीत गुंडाळून वर आणते.
खाली तो मुका असतो. इथे आला की टिंग वाजतो.
ती म्हणते, बघ, आला त्याचा निरोप.

आकडे वाचते. ओठ हलतात, आवाज नाही.
तीन मिनिटं असतात. संपतात.
तीनदा वेळ टळली की अर्जाला आठवडाभर कुलूप.
नोंद झाली की त्याचा नंबर बंद होईल ना, तिने एकदा विचारलं.
नियम मी वाचलेत.
होईल, म्हणालो.

शिक्का असता तर?
शाई गोठली आहे, उद्या या, म्हणालो असतो.
या ‘उद्या या’वरून गावाने मला शिव्या घातल्या
आणि त्या रास्त होत्या; दोनदा तर मी कोकरू घेऊन ‘आज’ केलं.
यंत्र कोकरू घेत नाही.
त्याला आवडनिवड नाही, भाचा नाही, जुना राग नाही.
मुलगी म्हणाली ते सगळं खरं निघालं.

आज असिलकानच्या घरी पीठ संपलं होतं.
ती फोन लांब धरून मोठ्याने म्हणाली, चार. शून्य. सात.
सात. दोन.
वारा सुटला. मी बोट काचेवर धरून थांबलो.
सहावा?
दिसत नाही, म्हणाली, चष्मा घरी राहिला.
चष्मा तिच्या कपाळावर होता.
मग पुढच्या मंगळवारी आण, मी म्हणालो,
आणि उतरताना माझ्या घोड्यावरची अर्धी गोणी
तिच्या उंबऱ्याशी ठेवली.

राजधानीतून त्या मुलीचा मेसेज आला आहे:
काका, एक अर्ज सहा आठवडे का अडकलाय? कारण कळवा.
मी एकेक अक्षर शोधत लिहितो:
शाई गोठली आहे.