एकच ऊबदार गाडी

उणे एकोणतीस.
फिनमार्कच्या पठारावरचं विश्रांतिगृह, दाराला कुलूप,
मालकीण अल्ताला बहिणीकडे गेलेली.
बाहेर दोन चार्जर.
एकाच्या पडद्यावर नोव्हेंबरपासून तेच वाक्य: लवकरच सुरू होईल.
दुसरा चालू. म्हणजे खोकत खोकत चालू.

त्याला लागली होती ओदवारची गाडी,
जुनी, लहानखुरी,
मागच्या काचेवर नातीनं चिकटवलेला देवमासा.
मग कुगन. मग मी.
माझ्यामागोमाग योरून, सुईण,
उतरताना दार लावायचंही विसरली.

इथं आल्या आल्या कुणी नाव विचारत नाही.
विचारतात, "किती?"
मी म्हणाले, अकरा.
"अकरा!" ओदवारनं टोपी मागे सारली,
जणू मी हरवलेल्या पोराचं वय सांगत होते.
निघताना चौपन्न टक्के होते.
थंडीनं वाटेत कुठे खाल्ले, कोण जाणे.

आपापल्या गाडीत बसून राहावं
तर हीटर लागतो,
हीटर लावला की उरलेसुरलेही जातात.
म्हणून जिला केबल, ती गाडी सगळ्यांची.
कुठेही लिहिलेलं नाही हे.
ओदवारनं मागच्या सीटवरचं जाळं मांडीवर ओढलं,
म्हणाला, "शिरा आत."

गुडघ्याला गुडघा लावून चौघं.
काचांवर आमच्याच श्वासाचं बर्फ.
कुगन बोट्सफ्योर्डचा,
बापानं तिथल्या कारखान्यात तीस वर्षं कॉड साफ केले, 
जाफन्याचं तिखट मात्र सोडलं नाही.
डबा उघडला. आईनं परतलेली सुकी मासळी.
ओदवारनं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे पुसले,
आणि म्हणाला, "आता हीटर बंद केला तरी चालेल."

त्याच्या डाव्या कानातली शीळ मी मघापासून ऐकत होते.
माझा धंदाच तो, गावोगाव श्रवणयंत्रं दुरुस्त करायची.
योरूनकडून टाचणी घेतली, मेण काढलं,
नळी फुंकली, परत बसवली.
तो थबकला.
"हे काय गुणगुणतंय?"
चार्जर, मी म्हणाले.
"आणि हे, खालून?"
तुमची गाडी.
बराच वेळ तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.
"चार वर्षं समजत होतो, मुकी आहे."

तेवढ्यात योरूनचा फोन.
ती फक्त "हं" म्हणत राहिली,
पण तिसऱ्या "हं"लाच सगळ्यांना कळलं
पठाराच्या पलीकडे कुणी बाई अडली आहे.
कुणाचा नंबर, कुणाची पाळी,
हा विषय निघालाच नाही.
ओदवारनं अडतिसावरच केबल उपसली.
त्याला साठ हवे होते.
"मला काय, घरी मांजर वाट बघतंय. तेही झोपलं असेल."

मग आमचं बिऱ्हाड उठलं,
डबा, घोंगडी, जाळंसुद्धा (का, ते विचारू नका),
बारा पावलं कडाक्यातून,
योरूनच्या गाडीत.
तिचे पंचेचाळीस झाले, ती गेली.
निघताना थँक यू म्हणाली नाही, घाईत होती,
टाचणीही माझ्याकडेच राहिली.

पुढची पाळी कुगनची.
त्यानं माझ्या अकराकडे बोट दाखवलं
आणि डबा घेऊन माझ्याच गाडीत येऊन बसला.
शेजारी ओदवार, आता रांगेत शेवटचा,
आणि कशालाही कान देणारा:
बर्फ करकरतं, ऐका.
याच्या घशात काहीतरी अडकलंय, ऐका.

मी चौसष्टावर निघाले.
आरशात मागे कुगनची गाडी,
आत पिवळा उजेड, दोन डोकी,
एकाचं तोंड सारखं हलणारं.

बारा किलोमीटरवर समोरून एक गाडी आली,
हळू, दिवे मंद केलेले,
हीटर बंद ठेवून चालवतात तशी.
मी दोनदा दिवे मिचकावले.
एकच चालू आहे, एवढंच सांगायचं होतं.
आणि आत माणसं आहेत,
काच ठोठाव.

तिनं एकदाच मिचकावले.
बहुतेक अकराच्याही खाली असावी.