बसणं

रबाळ्याच्या प्रयोगशाळेत माझं काम
बसणाऱ्या यंत्राकडे बघत बसायचं.
यंत्राला बूड आहे, लाकडाचं, गोल, आठ इंची.
ते फोमवर बसतं, उठतं, बसतं,
ऐंशी हजार वेळा. चहाला थांबत नाही.
मग मी मोजते, फोम किती बसला.
साडेतीन टक्के. पास.

मराठीत काय, सगळंच बसतं,
घसा, धंदा, जम, घडी.
तक्त्यात रकाना मात्र एकच.

चरईतला केळुसकर डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला,
तेव्हा बाहेरच्या खोलीतली ऐसपैस खुर्ची
नऊशे रुपयांत मी घरी नेली नाही,
सरळ राबोडीला नेली, नियामत मुकादमांच्या गाळ्यात.
त्यांनी दातांनी दोरा तोडला,
रेक्झिन सोललं, मग गोणपाट,
मग काथ्या, नारळाचा, काळा पडलेला,
आणि त्याच्या पोटात केसांचा पुंजका. कुरळा.
"घोड्याच्या शेपटीचे," ते म्हणाले.
"आता कोण घालतो!"

म्हणजे हे टोचायचं.
दुसरीत होते, गालगुंड झालेले,
फ्रॉकखाली मांडीला काहीतरी सारखं टोचायचं
आणि आई म्हणायची, चुळबुळ करू नकोस.
चुळबुळ घोडा करत होता, आई.

नियामतभाईंनी विचारलं, बसणार कोण?
वजन किती, कुठल्या कुशीवर कलतो,
उठताना हाताला जोर देतो का?
आमच्या फॉर्मवर यातलं काहीच नाही.
मी म्हटलं, नवरा. ब्याऐंशी किलो. डावीकडे.
तिसरं मला ठाऊक नव्हतं.
एकवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मूठभर केस पिशवीतून कामावर आणले.
रात्रपाळीच्या पवारला सांगितलं, हे कागदावर नाही,
आणि लावले यंत्राखाली.
सकाळी पार पापड झालेला.
मी पाण्याचा हबका मारला, बोटांनी पिंजला,
चहा पिऊन आले तर
एकेक केस आळस देत उठत होता.
फोमचं तसं नसतं. फोम बसला की बसला.
दहा-बारा वर्षांनी खोळ काढली
तर आत पिवळा भुसा, बोट लावलं की झडणारा.
हेही आमच्या तक्त्यात नाही.

खुर्ची घणसोलीला आली. केस धुतलेले,
वर नवा कापूस, स्प्रिंगा आठही बाजूंनी बांधलेल्या.
पहिल्यांदा बसलं की ती जरा अडवते,
मग हळूहळू जागा देते.

नवऱ्यानं दोन दिवस बसून पाहिलं.
"कडक आहे गं," म्हणाला,
आणि परत गेला आपल्या
कंपनीच्या सवलतीत घेतलेल्या लाउंज चेअरमध्ये,
ढगात बुडावं तसा, तोंड उघडं टाकून झोपला.
मीच पास केलेला फोम तो.

मी समोर बसले, मांडीखाली थोडं टोचत असलेली,
तो उठतो कसा ते बघायला.
दोन्ही हातांनी जोर देतो.
डाव्यावर जास्त.