माकडशिंगी

रतीराम फरशी बसवायला आला तेव्हा
टिफिनच्या झाकणात घेऊन आला होता ती,
बोटाएवढी, चौकोनी, हिरवट राखाडी.
खाणीपाशी दगडाच्या फटीत होती म्हणाला.
"दीदी, इसे पानी मत देना."

तेहतीस वर्षं वॉर्डात काढलेली मी.
कुणी सुकलेलं दिसलं
की हात आधी सलाईनकडे जातो.
पहिली आठ दिवसांत गेली. बुडाशी मऊ,
बोट लावलं तर आत पाणीच.

दुसरी आणली त्याने, काही न बोलता.
मग शिकले एकेक:
फुटक्या कौलाचा चुरा, नाल्यातली वाळू,
कुंडीच्या तळाला तीन भोकं,
आणि मग खाली नळापाशीच ठेवायचा,
गच्चीवर न्यायचा नाही.

मे महिन्यात लष्करात लू सुटते,
दुपारी दाराची कडी चटका देते.
ती आक्रसली, सुरकुतली.
खालच्या आशालतावहिनी म्हणाल्या, मेलंय हे, टाका,
गुलाब लावा ना एखादा.
मी रोज जाऊन बघायची,
हात पदराखाली धरून.
असलं अवघड काम
मेट्रननेसुद्धा कधी दिलं नव्हतं.

भाद्रपदात एका सकाळी
टोकाशी जांभळं फूल, खाली मान घातलेलं,
कडांना बारीक केस.
वाकून वास घेतला:
पट्टी न बदललेल्या जखमेचा.
दोन माश्या आल्या, बसल्या.

कामावर परत आल्यासारखं वाटलं.